टॉवेल टाकून धरलेली खुर्ची: राखीव जागेचे जास्तीचे पैसे कसे मागायचे?



एसटी स्टँडवर गाडी लागली रे लागली की खिडकीतून रुमाल आत टाकायचा आणि मग गर्दीतून वाट काढत वर चढून म्हणायचं, "अहो, इथे रुमाल आहे ना!" हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. रुमाल नसला तर टोपी, वर्तमानपत्र, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा चालते. आता हाच प्रकार पंधरा-वीस मजली जहाजावर, घसघशीत तिकीट काढून आलेल्या माणसांमध्ये, स्विमिंग पूलच्या कडेला रोज सकाळी चालतो असं सांगितलं तर? तिथे रुमालाऐवजी टॉवेल असतो, एवढाच काय तो फरक.

किंमत ठरवण्याच्या आपल्या मालिकेतला आजचा भाग या टॉवेलवर आहे. क्रूझ जहाजांच्या कंपन्यांनी पूलजवळच्या आरामखुर्चीचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. काहींनी ते छान जमवलं, काहींनी मुद्दाम टाळलं. आपल्यासारख्या छोट्या धंदेवाल्याला यात बघण्यासारखा प्रश्न एकच आहे. जी गोष्ट गिऱ्हाइकाला आतापर्यंत तिकिटातच मिळत होती, तिचेच जास्तीचे पैसे मागायचे का, आणि मागायचे तर कसे मागायचे की जुना गिऱ्हाईक दुखावणार नाही?

आधी जहाज समजून घेऊ

क्रूझचं तिकीट काढलं की खोली, जेवण, पूल, संध्याकाळचे कार्यक्रम हे सगळं त्यात आलं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर तुमच्यापैकी कुणी गेलं असेल, तर ही पद्धत माहीत असेल. सप्टेंबर २०२१ पासून ती सेवा सुरू आहे, आणि तिचं 'एम्प्रेस' हे जहाज आधी रॉयल कॅरिबियन या अमेरिकी कंपनीकडे होतं. पण ते जहाज तसं लहान. त्याच रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. त्यावर सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० प्रवासी मावतात. पूल सात. म्हणजे सरासरी एका पूलमागे हजाराच्या वर माणसं!

आता गंमत बघा. जहाज बंदराला लागतं त्या दिवशी निम्म्याहून जास्त लोक उतरून गाव बघायला जातात आणि पूल ओस पडतो. पण ज्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही, दिवसभर नुसता समुद्र, त्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळी ऊन, पाणी आणि खुर्ची हवी असते. क्रूझवाले त्याला 'सी डे' म्हणतात. तुमच्या धंद्यातही असा सी डे असतोच. खानावळीचा रविवार दुपार, पार्लरचा लग्नसराईतला शनिवार, झेरॉक्सवाल्याचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस.

सी डेला काय होतं? एखादं कुटुंब सकाळी सातला येतं, चार खुर्च्यांवर टॉवेल पसरतं, प्रत्येकावर एकेक पुस्तक किंवा चप्पल ठेवतं आणि नाश्त्याला निघून जातं. अकराला येऊन दीड तास बसतं. साडेबाराला जेवायला. दोनला परत, तासभर ऊन खाऊन तीनला खोलीत. हिशोब करा. खुर्ची अडली सकाळी सात ते दुपारी तीन, म्हणजे आठ तास. वापरली गेली अडीच तास. सगळ्यांनी असंच केलं तर पूलवर एकही खुर्ची रिकामी दिसणार नाही, आणि तरी साधारण दर तीन खुर्च्यांपैकी एकीवरच माणूस असेल.

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक जण इथेच चुकीचा निष्कर्ष काढतात. मालकाला वाटतं, खुर्च्या कमी पडतायत. खरं तर खुर्च्या बऱ्यापैकी आहेत. कमी पडतोय तो भरवसा. "मी येईन तेव्हा जागा मिळेल" असा भरवसा नसला की शहाणा माणूससुद्धा टॉवेल टाकतो. त्याने नाही टाकला तर शेजारचा टाकणार, हे त्याला दिसत असतं. टॉवेल टाकणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातलाच गेलो असतो!

पहिला उपाय: घड्याळ लावून टॉवेल उचलायचा

कार्निव्हल कंपनीने २०१३ मध्ये एक नियम आणला. रिकाम्या खुर्चीवर सामान दिसलं की कर्मचारी तिला वेळ लिहिलेली चिठ्ठी लावतो. ४० मिनिटांत कुणी आलं नाही तर सामान उचलून बाजूला ठेवतात आणि खुर्ची मोकळी करतात. रॉयल कॅरिबियनचा नियम अर्ध्या तासाचा, नॉर्वेजियनचा ४५ मिनिटांचा.

कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मात्र हा नियम चालवायला माणूस लागतो, आणि त्या माणसाची अवस्था विचारात घ्या. बिचारा पोऱ्या कुणाचा तरी टॉवेल उचलतो, तेवढ्यात मालक येतो आणि म्हणतो, "मी आत्ताच तर उठलो होतो!" भांडण कोण जिंकणार? पैसे भरलेला पाहुणा. दोन-तीनदा असं झालं की पोऱ्या चिठ्ठ्या लावायचंच सोडून देतो. नियम भिंतीवर राहतो, टॉवेल खुर्चीवर.

म्हणून हा उपाय फुकट आहे असं समजू नका. त्याची किंमत पगारात मोजावी लागते आणि थोडी वरिष्ठांच्या पाठिंब्यात. "चिठ्ठी लावलेली असेल तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन" असं मालकाने आपल्या माणसाला आधी सांगितलं पाहिजे, आणि पहिल्या भांडणात ते पाळलं पाहिजे.

दुसरा उपाय: भरवसाच विकायचा

२००६ मध्ये प्रिन्सेस क्रूझेस या कंपनीचं 'क्राउन प्रिन्सेस' हे नवं जहाज पाण्यात आलं. त्यावर 'द सँक्च्युअरी' नावाचा एक भाग होता. फक्त मोठ्या माणसांसाठी, अर्धवट सावलीचा, जाड गाद्यांच्या खुर्च्या, गोंगाट नाही, पाणी-खाणं जागेवर आणून देणारे कर्मचारी. आत यायचं तर वेगळे पैसे, अर्ध्या दिवसाचे किंवा पूर्ण दिवसाचे. कल्पना चालली. पुढे कंपनीने ती आपल्या इतर जहाजांवरही नेली.

इतरांनी आपापल्या तऱ्हेने तेच केलं. हॉलंड अमेरिका कंपनीच्या 'युरोडॅम' जहाजावर २००८ मध्ये कबाना आले. कबाना म्हणजे कापडी छताची, पडदे लावलेली, कुटुंबाला पुरेल अशी बसायची जागा. ती दिवसाच्या किंवा अख्ख्या सफरीच्या भाड्याने मिळते. नॉर्वेजियनने २०१३ च्या 'ब्रेकअवे' जहाजावर 'व्हाइब बीच क्लब' काढला. त्याचे ठरावीकच पास विकतात. एमएससी कंपनीने त्याआधीच, २००८ मध्ये 'फँटासिया' जहाजावर वेगळीच वाट धरली. जहाजातच जणू दुसरं छोटं जहाज, स्वतःचा पूल, स्वतःची बैठक, आणि त्याचे पैसे खोलीच्या महागड्या भाड्यातच धरलेले. प्रत्येक वेळी पाकीट उघडायला लावायचं नाही. प्रिन्सेसनेही आता तिकडेच पाऊल टाकलंय. २०२४ च्या 'सन प्रिन्सेस'वर काही खोल्यांच्या भाड्यातच सँक्च्युअरीचा प्रवेश येतो.

या सगळ्यांत विकलं काय जातंय ते नीट बघा. खुर्ची नाही. खुर्ची बाहेरही आहे, तीही फुकट. विकली जातेय सकाळची झोप. नऊ वाजता उठा, निवांत चहा घ्या, दहाला या, तुमची जागा तुमचीच. शिवाय शांतता. ज्या आई-बापांनी पोरं लहान मुलांच्या क्लबात सोडलीयेत त्यांना दोन तास कुणी पाणी उडवू नये, एवढंच हवं असतं.

कंपनीला यातून काय मिळतं? आकडे खरे नाहीत, समजण्यापुरते धरू. ६० खुर्च्यांचा एक कोपरा, पूर्ण दिवसाचे ४० डॉलर. सी डेला सगळ्या भरल्या तर २,४०० डॉलर. आठवड्याच्या सफरीत असे तीन दिवस, म्हणजे ७,२००. बंदराच्या चार दिवशी पंधराच खुर्च्या विकल्या तर रोजचे ६००, चार दिवसांचे २,४००. आठवड्याला ९,६०० झाले. वर्षाच्या ५० सफरी धरल्या तर ४ लाख ८० हजार डॉलर, एका जहाजाच्या एका कोपऱ्यातून! त्यातून चार-सहा माणसांचा पगार, फळं, टॉवेल, गाद्यांची झीज वजा करा. जहाज तर आधीच बांधलेलं आहे, इंधन तेवढंच जळणार आहे.

आता एक खरा आकडा. कार्निव्हल कॉर्पोरेशनचं २०२३ चं उत्पन्न होतं साधारण २१.६ अब्ज डॉलर. त्यातले जवळपास ७.५ अब्ज तिकिटाचे नव्हते. पेयं, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, मसाज असल्या जहाजावरच्या खर्चाचे होते. शंभरातले पस्तीस! तिकीट स्वस्त दिसतं त्याचं एक कारण हे आहे. खुर्चीचं भाडं हा त्या पस्तिसातला लहानसा तुकडा, पण तो सर्वांत वादाचा आहे. दारू विकत घ्यावी लागते हे कुणालाही पटतं. बसायची जागा विकत घ्यावी लागते हे पटत नाही.

चीड कुठून येते?

डॅनियल काहनेमन, रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १९८६ मध्ये एक अभ्यास छापला. त्यासाठी कॅनडात लोकांना फोनवरून साधे प्रश्न विचारले होते. त्यातला एक असा: हार्डवेअरचा दुकानदार बर्फ काढायचं फावडं १५ डॉलरला विकत होता. रात्री मोठं हिमवादळ झालं, सकाळी त्याने भाव २० केला. योग्य की अन्याय? ८२ टक्के लोक म्हणाले, अन्याय. मागणी वाढली की भाव वाढतो हे पुस्तकात ठीक आहे, पण माणसाच्या डोक्यात 'आपला नेहमीचा भाव' बसलेला असतो. तो मोडला की त्याला लुटल्यासारखं वाटतं.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. गाड्यांचा तुटवडा झाल्यावर विक्रेत्याने छापील किमतीवर २०० डॉलर जास्त लावले, तर ७१ टक्क्यांना ते गैर वाटलं. पण जो विक्रेता आधी २०० डॉलर सूट देत होता आणि आता फक्त सूट बंद करून छापील किमतीला विकू लागला, त्याचं वागणं ५८ टक्क्यांना चालण्यासारखं वाटलं. खिशातून जाणारे पैसे तेवढेच! म्हणजे तुम्ही सुरुवात कुठल्या आकड्यापासून केली होती, यावर पुढचा राग अवलंबून असतो.

जहाजाच्या खुर्चीचं असंच. नव्या जहाजावर पहिल्या दिवसापासून वेगळा कोपरा असेल तर लोक म्हणतात, "बरं, हवं त्याने घ्यावं." पण गेल्या वर्षी जिथे फुकट बसलो तिथे यंदा दोरी लावलेली दिसली तर तोच माणूस म्हणतो, "माझी जागा मलाच विकतायत." हॉटेलांतही हे झालं. ब्रिटनच्या थॉमस कुक कंपनीने २०१८ मध्ये २५ युरो घेऊन हॉटेलच्या पूलवरची आवडीची खुर्ची प्रवासाआधीच राखून ठेवायची सोय केली, सुरुवातीला तीन हॉटेलांत. अनेकांना ती आवडली, कारण पहाटेची पळापळ वाचली. आणि अनेकांनी टीकाही केली, कारण खुर्च्या त्याच होत्या. नव्या आल्या नव्हत्या, त्याच पूलवरच्या काहींना आता किंमत लागली होती.

इथे मी माझं मत स्पष्ट सांगतो. राखीव जागेचे पैसे घेण्यात काही गैर नाही. भीती दुसरीच आहे. ज्या दिवशी तुम्ही गर्दीतून सुटका विकायला लागता, त्या दिवसापासून गर्दी हा तुमचा माल होतो. बाहेरच्या पूलवर टॉवेलांचा गोंधळ जितका जास्त, तितके आतले पास जास्त खपणार. मग ती ४० मिनिटांची चिठ्ठी लावायला माणूस कशाला ठेवायचा? कुणी ठरवून वाईट वागतो असं नाही. पण हिशोबाच्या वहीत साधी जागा सुधारण्याचा खर्च दिसतो आणि फायदा दिसत नाही, त्यामुळे हळूहळू तिकडे दुर्लक्ष होतं.

ही काळजी नवी नाही. फ्रान्समध्ये ज्यूल द्युपुई नावाचा एक इंजिनियर होता. त्याने १८४९ मध्येच रेल्वेबद्दल हे लिहून ठेवलंय. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नव्हतं, ते छपराचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे पैसे देता येतात त्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाचे हाल करायची कंपनीला हौस नव्हती, श्रीमंताला घाबरवायचं होतं. पण पावसात भिजला तो गरीबच.

मग नीट कसं करायचं?

रॉयल कॅरिबियनचं बहामात कोकोके नावाचं बेट आहे. कंपनीने त्यावर २५ कोटी डॉलर खर्च केले आणि मे २०१९ मध्ये ते नव्या रूपात उघडलं. आता बघा, तिथे तिकिटात काय येतं: मोठा गोड्या पाण्याचा पूल, किनारा, आरामखुर्च्या, छत्र्या, जेवण. दिवसभर एक पैसाही न देता मजा करून परत जाता येतं. आणि पैसे देऊन काय मिळतं? पाण्याच्या घसरगुंड्यांचं उद्यान, वेगळा बीच क्लब, पाण्यावर बांधलेले कबाना. या शेवटच्या प्रकाराचं एका दिवसाचं भाडं हजार डॉलरच्या वर जातं! एवढी किंमत असूनही आरडाओरडा का होत नाही? कारण तो कबाना कुणाच्या तोंडचा घास काढून बांधलेला नाही. आधी साधा किनारा चांगला केला आणि मग त्याच्या बाजूला नवीन जोडलं.

कार्निव्हलने तर 'सेरेनिटी' नावाचा फक्त मोठ्यांसाठीचा शांत भाग फुकटच ठेवला. आधी येईल त्याला जागा. जाहिरातीत ते अभिमानाने सांगतात. म्हणजे न विकणं हासुद्धा किंमत ठरवण्याचाच एक निर्णय असतो, आणि शेजारचा विकतोय तेव्हा तो जास्त उठून दिसतो.

आपल्याकडे आणून बघू: अभ्यासिका

कबाना बांधायला आपल्याकडे समुद्र नाही, पण टॉवेल भरपूर आहेत. पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ भागात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका असतात. सकाळी सहाला मुलं येऊन टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा ठेवतात, मग चहा, मग क्लास, मग मेस. गठ्ठा दिवसभर अभ्यास करतो!

समजा, तुमची अभ्यासिका आहे. ६० टेबलं, ७५ मुलं, महिना १,२०० रुपये. मुलं रोज तक्रार करतात की जागा मिळत नाही. सोपा उपाय सुचतो: ६० पैकी २० टेबलं राखीव करू, त्यांचे १,६०० घेऊ. २० गुणिले ४००, महिन्याला ८,००० रुपये जास्त, आणि खर्च शून्य. मोह होणारच.

आता उरलेल्यांचं बघा. आधी ६० टेबलांवर ७५ मुलं होती, म्हणजे चार टेबलांमागे पाच. आता ४० टेबलांवर ५५. चार टेबलांमागे साडेपाच. ज्याने एक रुपयाही कमी दिलेला नाही त्याची जागा आणखी आटली. वरून राखीव टेबलाचा मालक क्लासला गेला की ते टेबल रिकामं दिसतं आणि बाहेर जिन्यात मुलगा उभा. त्यातली सात मुलं पुढच्या गल्लीत गेली तर सात गुणिले १,२००, म्हणजे ८,४०० गेले. आलेले ८,००० त्यातच संपले. आणि जाताना ती मुलं गप्प जात नाहीत.

दुसरी तऱ्हा. मागची खोली किंवा माळा मोकळा करून दहा नवी टेबलं टाका. टेबल, खुर्ची, दिवा, प्लग, कुलपाचा कप्पा मिळून एका जागेला ९,००० धरले तर ९० हजार खर्च. ही दहा जागा राखीव, १,८०० रुपये महिना. तुमच्याच ७५ पैकी दहा जण तिकडे गेले तर साध्या ६० टेबलांवर ६५ मुलं उरली. गर्दी एकदम हलकी झाली. आता नवी पाचच मुलं घ्या, दहा नव्हे. दहा घेतली तर पुन्हा होती तेवढीच गर्दी. जास्तीचं उत्पन्न: राखीव जागांचे वरचे ६,००० आणि नव्या पाच मुलांचे ६,०००. महिन्याला १२,०००. विजेचं बिल सोडलं तर साडेसात महिन्यांत खर्च वसूल. आणि ज्याने राखीव जागा घेतली नाही त्यालाही आधीपेक्षा बरं मिळालं.

जागाच वाढवता येत नसेल तर? मग आधी चिठ्ठीचा नियम चालवून बघा. ४५ मिनिटं टेबल रिकामं राहिलं तर पुस्तकं कप्प्यात ठेवणार, असं प्रवेश अर्जावरच लिहून सही घ्या आणि पहिल्या महिन्यात स्वतः उभं राहून पाळा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते. त्यानंतरही राखीव जागा विकायच्या असतील तर क्रूझसारख्या अर्ध्या दिवसाच्या विका, सकाळी सहा ते एक आणि दुपारी दोन ते रात्री नऊ. एकाच टेबलावर दोघांचा भरवसा बसतो, आणि टेबल रिकामं दिसायचं प्रमाण कमी होतं.

सांगायची पद्धतही महत्त्वाची. नवीन शाखा उघडत असाल तर गाड्यांच्या त्या प्रश्नाची आठवण ठेवा. दरपत्रकावर राखीव जागेचा दर आधी लिहा, १,८०० रुपये. त्याखाली, "ठरावीक टेबल नको असेल त्यांना ६०० रुपये सूट". जुन्या शाखेत मात्र ही युक्ती करू नका. तिथे मुलांना १,२०० हा आकडा पाठ आहे, आणि ती पोरं गणितात तुमच्यापेक्षा पक्की असतात.

हेच कोकणातल्या घरगुती मुक्कामाला लावता येईल. समुद्र दिसणारा एकच झोपाळा आहे आणि त्यावरून पाहुण्यांची भांडणं होतात, तर तो झोपाळा भाड्याने देऊ नका. दुसरा बांधा, त्याच्यासोबत संध्याकाळचा चहा-भजी जोडा आणि त्या संध्याकाळचे पैसे घ्या. पाऊस आला तर पैसे परत, हे आधीच सांगा. राखीव जागेचे पैसे घेतले की ती जागा देण्याची जबाबदारी तुमची. कुणी दुसरं बसलेलं असेल तर त्याला उठवायचं काम पाहुण्याचं नाही, तुमच्या माणसाचं. जहाजावर दारात माणूस उभा असतो तो याचसाठी.

किती जागा राखीव ठेवायच्या? सी डेला सगळ्या भरतील आणि एरवी निम्म्या, एवढ्या बेताने सुरू करा. पाच विकल्या जाऊन दोघांना "नाही" म्हणावं लागलं तर चालेल. दहा ठेवून सहा रिकाम्या राहिल्या, आणि साध्या रांगेतल्या माणसाला त्या रिकाम्या दिसत राहिल्या, तर ते चालणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन दिवसांचे रकाने आखा. त्यात तुमच्या धंद्यातला एक सी डे असलाच पाहिजे. तुमच्याकडे लोक कशावर 'रुमाल टाकतात' ते शोधा: कोपऱ्यातलं टेबल असेल, ठरावीक कारागिराची वेळ असेल, सकाळची पहिली डिलिव्हरी असेल. ती गोष्ट किती वेळ अडवली गेली आणि प्रत्यक्षात किती वेळ वापरली गेली, दोन्ही आकडे लिहा. शेजारी एक तिसरा रकाना ठेवा, त्या वेळात किती जण जागा न मिळाल्याने परत गेले त्याचा. हा आकडा काउंटरवरच्या मुलाकडून घ्या, अंदाजाने भरू नका. पुढच्या व्हिडिओत आपण याच तीन आकड्यांवरून अर्ध्या दिवसाचा दर काढणार आहोत, तेव्हा वही सोबत असू द्या.